उनकेश्वरचं ऊन पाणी येतं कुठून?



माहूरगडावर रेणुकामातेचं दर्शन झालं की बरीच मंडळी उनकेश्वरलाही जाऊन येतात. किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या खोऱ्यात हे ठिकाण आहे. शरभंग ऋषींची व्याधी बरी व्हावी म्हणून श्रीरामांनी बाण मारून इथं ऊन पाणी काढलं, अशी कथा आपण ऐकत आलो आहोत. आज त्या पाण्याची भूमीखालची वाट पाहू.

हे पाणी ज्वालामुखीमुळे तापतं, असं अनेकांना वाटतं. आपल्या भागातला काळा पाषाण लाव्हाचाच आहे, हे खरं. पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतला गेला आणि केव्हाच निवाला. आजची ऊब पृथ्वीच्या पोटातली आहे. आपल्याकडे साधारणपणे दर किलोमीटर खोलीला तापमान 25 ते 30 अंश सेल्सिअसनं वाढतं. म्हणजे वरच्या जमिनीची मूळची ऊब धरली, तर दीड किलोमीटर खाली पोचलेलं पाणी 65 अंशांपर्यंत सहज तापेल. खडकातल्या मोठ्या भेगेची वाट मिळाली, की ते थंड व्हायच्या आत वर येतं.

मग खाली पाणी येतं कुठून? पावसातून! पावसाच्या पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे थोडे जड अणू असतात. त्यांचं एकमेकांशी ठरावीक नातं असतं, हे हार्मन क्रेग या शास्त्रज्ञानं 1961 मध्ये दाखवलं. हीच खूण जगभरच्या उन्हाळ्यांच्या, म्हणजे ऊन पाण्याच्या झऱ्यांच्या, पाण्यात सापडते. कोकणातल्या उन्हाळ्यांचं पाणीही मुळात पावसाचंच निघालं. तिथं काही ठिकाणी समुद्राचं खारं पाणी मिसळतं, एवढाच फरक.

मुरताना पाऊस हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि किंचित आम्लधर्मी होतो. असं पाणी खडक हळूहळू विरघळवतं. त्यातून सोडियम, कॅल्शियम, सिलिका पाण्यात उतरतात. मॅग्नेशियम मात्र खालच्या उष्णतेत चिकणमातीच्या खनिजांत अडकून पडतं, म्हणून ऊन पाण्यात ते फार कमी सापडतं. सिलिकाचं तर विशेषच. पाणी जितकं तापलेलं, तितकी सिलिका जास्त विरघळते, आणि पाणी झटकन वर आलं तर ती तशीच टिकते. त्यामुळे वरच्या पाण्यातली सिलिका मोजून खालचं तापमान अजमावता येतं. हजार मीटरचं बोअर न मारता पाताळाचा ताप कळतो!

उन्हाळ्यांवर कधी कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा. जिथं प्राणवायू पोचत नाही, तिथं खडकातल्या गंधकाच्या संयुगांपासून तो तयार होतो. अशा पाण्यात चांदीची जोडवी काळी पडतात, कारण चांदीवर सल्फाइडचा थर चढतो. या वासामुळे पाणी गंधकानं तापतं असा समज झाला. खरं तर गंधक हा तापलेल्या पाण्याचा सोबती, त्याचा चुलाणा नव्हे.

आता कामाची गोष्ट. खडकात फार काळ राहिलेल्या पाण्यात फ्लोराइडही वाढू शकतं. कॅल्शियम पुरेसं असलं तर ते फ्लोराइडला बांधून ठेवतं. कॅल्शियम घटलं की फ्लोराइड मोकळं राहतं. किनवट भागातल्या काही गावांच्या भूजलात ते जास्त आढळलं आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅम ही आपल्याकडची इष्ट मर्यादा; दुसरा स्रोत नसेल तरच दीडपर्यंत चालतं. त्याहून जास्त पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं तर दातांवर डाग पडतात, हाडं ताठरतात. म्हणून कुंडात स्नान करा, पण तीर्थ म्हणून ओंजळी भरभरून पिण्याआधी पाण्याची तपासणी झाली आहे का, ते विचारा. चामडीचा आजार असेल तर स्नानाबरोबर डॉक्टरांचं औषधही चालू ठेवा.

आणि झऱ्याच्या आसपास खोल बोअर मारू नका. न्यूझीलंडमध्ये रोटोरुआ इथं लोकांनी ऊन पाण्यासाठी शेकडो बोअर मारले आणि गरम पाण्याचे कारंजे मंदावले. 1986 मध्ये सरकारनं पोहुटू कारंज्याभोवतीच्या दीड किलोमीटरातले बोअर बंद करायला लावले, तेव्हा झरे पुन्हा जोर धरू लागले. आपल्या झऱ्यालाही भूमीखालच्या दाबाचाच आधार आहे, आणि तो दाब टिकतो डोंगरावर मुरणाऱ्या पावसावर. माहूर-किनवटचं सागवानी जंगल पावसाला थोपवून जमिनीत मुरायला वेळ देतं. उनकेश्वरचं कुंड राखायचं असेल, तर ते जंगलही राखावं लागेल.