मोडण्याआधी बदला

(जिल्हा बैठकीतील भाषण)



पावसाळ्याच्या तोंडावर आपण वखराची पास लोहाराकडे नेऊन धार लावून आणतो. ऐन वाफशावर पास तुटली तर काय होते, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. मग दारातल्या फटफटीचे इंजिन बसेपर्यंत आपण का थांबतो?

1985 साली सीडी 100 आली, 1994 साली स्प्लेंडर. तेव्हापासून ही 97.2 सीसीची इंजिने आपल्या गावात राबताहेत. बियाणे, फवारणीचा पंप, दवाखान्यात न्यायचा माणूस, सगळे तिच्यावरच. ती वेचणीच्या दिवसांत बंद पडली, तर दुरुस्तीच्या खर्चात बुडालेला दिवसही धरावा लागतो.

इंजिनातले काही भाग झिजायचेच. पहिली टायमिंग चेन. वरचे वॉल्व्ह वेळेवर उघडायचे काम तिच्यावर आहे. चेन ताणते, तिला दाबून धरणारे रबर झिजते आणि इंजिन खडखड करू लागते. तरी आपण गाडी दामटतो. चेनने दात सोडले, तर वॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतो. चेनचे काम मग हेड, वॉल्व्ह आणि पिस्टनवर जाते.

दुसऱ्या क्लच प्लेटा. इंजिन ओरडते आणि गाडी ओढत नाही, तेव्हा प्लेटा संपल्या समजा. तिसरा एअर फिल्टर. आपल्या धुळीच्या वाटांवर तो पुस्तकातल्या मुदतीआधीच भरतो. धूळ आत गेली की रिंगा आणि सिलिंडर घासले जातात. चौथे ऑइल. ते कमी पडले की सर्वांत वरचा कॅम लवकर कोरडा पडतो.

2020 च्या एप्रिलपासून बीएस-6 गाड्या आल्या. कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन आले, पण चेन, क्लच आणि फिल्टर झिजायचे थांबलेले नाहीत.

तुम्ही म्हणाल, पैसा कुठे आहे? खरे आहे. म्हणूनच हिशेब करायचा. मेस्त्रीची बरीचशी मजुरी इंजिन उघडण्याची असते. चेनसाठी इंजिन उघडलेच, तर तिचे दातेचक्र, रबर, गॅस्केट आणि ऑइल सील त्याच वेळी पाहून घ्या. झिजलेल्या चक्रावर नवी चेन टिकत नाही. चांगला भाग मात्र उगाच बदलू देऊ नका. काढलेला जुना भाग मागून घ्या, हातात धरून बघा.

कामाची वेळ आपण ठरवायची. उन्हाळ्यात, पेरणीच्या आधी, हाताला सवड असताना. एका वर्षी चेन, पुढच्या वर्षी क्लच; पण खडखड सुरू झाली असेल तर पाळी बघू नका. घरच्या वहीत पिकाच्या खर्चाशेजारी एक पान गाडीचे ठेवा: कोणता भाग, किती किलोमीटरवर, किती रुपये.

आज घरी गेल्यावर मीटरचा आकडा त्या पानावर लिहा. एवढे काम या बैठकीतून घेऊन जाऊ या.