वातानुकूल यंत्रातील जुना वायू आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या भाषणात पाककृती किंवा मुलांचे संस्कार असे विषय घेण्याची आपल्याकडे रीत आहे. या वेळी मात्र चालकबाईंनी मला निराळाच विषय दिला. माझ्या घरी ए. सी. दुरुस्तीचा धंदा आहे व दुकानाची वही मी लिहिते, हे आपणांस ठाऊक आहेच. "जुना गॅस बंद होणार म्हणतात, मग आमच्या यंत्राचे काय?" हा प्रश्न मला शहाड स्टेशनच्या पुलावर आणि भाजीच्या गाडीपाशीसुद्धा विचारला जातो. म्हणून आज एकदाच सविस्तर बोलते.

आपल्या कॅम्पातील बऱ्याच जुन्या यंत्रांत आर-२२ नावाचा वायू आहे. पृथ्वीभोवती ओझोनचे जे आवरण आहे, त्याला या जातीच्या वायूंनी इजा पोहोचते. ते थांबविण्यासाठी १९८७ साली मॉन्ट्रियल येथे करार झाला आणि १९९२ साली भारतही त्यात सामील झाला. आपल्या फ्रिजमधला आर-१२ हा वायू त्याच करारामुळे गेला, आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागला नाही. आर-२२ ची पाळी त्यानंतरची. नवी यंत्रे बनविताना तो वापरण्याची मुदत आपल्या देशात ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपली. याचा अर्थ घरातले जुने यंत्र बेकायदा ठरले, असा मुळीच नव्हे. दुरुस्तीसाठी हा वायू मिळतो. मात्र त्याचे उत्पादन टप्प्याटप्प्याने उतरत जाऊन २०३० सालापासून अगदी थोडा वाटा उरणार आहे, आणि तोही २०४० पर्यंतच. माल कमी झाला की भाव चढतो आणि भेसळ वाढते, हे गृहिणीला कोणी शिकवावे लागत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगते. ए. सी. मधला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तोच तो वायू बंद नळ्यांतून फिरत असतो. तो कमी झाला याचा अर्थ कोठेतरी गळती आहे. दर चैत्रात "गॅस संपला, भरून देतो" म्हणणारा कारागीर भोक तसेच ठेवून आपले पैसे हवेत सोडतो. आमच्या मागच्या बराकीत एक सिंधी आजी राहतात. त्यांना दमा आहे. उन्हाळ्यात खोली थंड नसली तर त्यांना रात्र काढणे कठीण. लागोपाठ तीन वर्षे त्यांच्या यंत्रात गॅस भरला गेला. आमच्याकडे काम आले तेव्हा नळीत नायट्रोजनचा दाब देऊन सांध्यांवर साबणाचे पाणी लावले, तर बाहेरच्या पेटीजवळच्या एका सांध्यातून बुडबुडे निघाले. सांधा नीट केला, पंपाने नळ्यांतली हवा व ओल काढली, मग वजन करून गॅस भरला. यंत्र अजून चालू आहे. अशा वेळी नवे घेण्याची घाई करू नये.

पण गळती कॉइललाच असेल, तर हिशोब बदलतो. आपल्याकडे वालधुनीच्या व गटारांच्या काठी राहणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. सांडपाण्यातून निघणारा गंधकाचा वायू तांब्याला खातो. एक भोक बुजविले तर शेजारी दुसरे पडते. यंत्र दहा वर्षांच्या पुढचे आणि कॉइल सडलेले, असे असेल तर त्यात महाग गॅस ओतणे मला तरी पटत नाही. काँप्रेसर जळला असेल तरीही तेच.

"जुन्यातच नवा गॅस भरून द्या" असे पुष्कळजणी म्हणतात. आर-३२ चा दाब जुन्या वायूच्या दीडपटीहून अधिक असतो, त्याला तेलही वेगळे लागते. तो जुन्या यंत्रात भरता येत नाही. याहून धोक्याचा प्रकार म्हणजे स्वस्तात प्रोपेनसारखा ज्वालाग्राही वायू भरून देणे. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरात ब्युटेनबरोबर प्रोपेनच असतो. ज्या यंत्राची बटणे व जोडण्या त्यासाठी बनविलेल्या नाहीत, तेथे तो भरून बंद खोलीत लेकरे निजवावीत काय? कारागिराला वायूचे नाव बिलावर लिहावयास लावा. तो कां कू करू लागला, तर समजून असावे.

मुळातच प्रोपेनसाठी घडविलेली, म्हणजे आर-२९० ची यंत्रे मात्र निराळी. भारतात ती २०१२ पासून मिळतात. वायू थोडा असतो आणि रचना त्या हिशोबाने केलेली असते. आजच्या बहुतेक नव्या यंत्रांत आर-३२ असतो. तोही थोडासा पेट घेणारा आहे, म्हणून बसविणारा शिकलेलाच हवा. ओझोनला या दोहोंपासून इजा नाही. हवा तापविण्याच्या बाबतीत एक किलो आर-२२ शंभर वर्षांत सुमारे १,८०० किलो कार्बन डायॉक्साइडइतका भार टाकतो, आर-३२ सुमारे ६७५ किलोइतका, आणि प्रोपेन जवळजवळ नगण्य. आर-३२ च्या जातीचे वायूही पुढे कमी करावयाचे आहेत. २०१६ साली किगाली येथे ठरलेली ती दुरुस्ती भारताने २०२१ मध्ये मान्य केली. पण आपल्यासाठी ती कपात २०३२ पासून सुरू होते, तीही हळूहळू. त्या भीतीने आजची खरेदी अडवून ठेवू नये.

जुने यंत्र भंगारवाल्याला तसेच देऊ नका. तो नळी कापतो आणि सगळा वायू फुस्सकन हवेत जातो. आधी कारागिराकडून वायू सिलिंडरात काढून घ्या. मग यंत्र नोंदणी असलेल्या ई-कचरावाल्याकडे द्यावे.

आणि ज्यांना वरच्या मजल्यावरची गच्ची तापते म्हणून ए. सी. घ्यावासा वाटतो, त्यांनी आधी गच्चीला पांढरा चुना लावून एक उन्हाळा पाहावा. माझ्या धंद्याचे यात नुकसान आहे, तरी सांगते.

ज्यांना आपल्या यंत्राचे ठरवावयाचे आहे त्यांनी बाहेरच्या पेटीवरील पाटी पाहून वायूचे नाव, त्याचे वजन व यंत्राचे साल कागदावर उतरवून आणावे. गुरुवारी दुपारी मी मंडळाच्या खोलीत असते. येताना गेल्या दोन-तीन वर्षांची बिले असली तर तीही आणा.