विश्वासघात आणि न्यायाची दारे



या व्यासपीठावर दरवर्षी विद्वान येतात. आम्ही विद्वान नव्हे, वकील तर नव्हेच. आमचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर झाले. तेव्हा मनाच्या आजारावर उपचार करणाऱ्यानेच रुग्णाचा गैरफायदा घेतला तर रुग्णाने काय करावे, हा विषय आमच्याकडे कसा आला, असे आपल्या मनात येईल. तो एका चुकीतून आला, आणि ती चूक आमचीच होती.

काही वर्षांपूर्वी एक कामगार भगिनी आमच्या कचेरीत आली. पती वारल्यावर तिची झोप गेली होती, म्हणून ती एका समुपदेशकाकडे जाऊ लागली. आरंभी बरे वाटले. मग ‘हाही उपचाराचाच भाग आहे’ असे सांगून तो अंगाशी लगट करू लागला. हे सांगताना तिने मान वर केली नाही. आम्ही चार कार्यकर्ते घेऊन त्या गृहस्थाच्या खोलीवर गेलो, आवाज चढवला. त्याने हात जोडले, घेतलेली फी परत केली आणि ‘माझी काही तक्रार नाही’ असे तिच्याकडून लिहून घेतले. आम्ही मोहीम फत्ते झाल्याच्या थाटात परतलो. तीन वर्षांनी दुसरी एक भगिनी तीच हकीकत घेऊन आली. गृहस्थ तोच, पाटी मात्र दुसऱ्या गल्लीत.

बोनसची तडजोड करता येते, या गोष्टीची करता येत नाही, हे आम्हाला तेव्हा उमगले. त्यानंतर आम्ही कायद्याची पुस्तके उघडली. त्यातून जे हाती आले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

पहिला प्रश्न लोक असा करतात की, ती सुशिक्षित बाई पुन्हा पुन्हा गेली कशाला? म्हणजे तिची संमतीच होती. मंडळी, दात दुखतो तेव्हा आपण वैद्यापुढे तोंड उघडतो. मन दुखते तेव्हा माणूस सगळे आयुष्य उघडतो. घरच्यांना न सांगितलेले तो त्या खोलीत सांगतो. समोरच्याला त्याची प्रत्येक कमजोरी कळते, त्याला समोरच्याची एकही कळत नाही. मालक आणि रोजंदारीवरचा मजूर यांच्यातील कराराला आपण बरोबरीचा करार म्हणत नाही. मग या खोलीतल्या होकाराला बरोबरीचा होकार कसा म्हणावा?

हा प्रश्न परदेशी न्यायालयांपुढेही आला आहे. न्यूयॉर्कमधील रॉय विरुद्ध हार्टॉग्ज या १९७५ च्या दाव्यात एका स्त्रीने आपल्या मनोविकारतज्ज्ञावर, उपचाराच्या नावाखाली शरीरसंबंध ठेवल्याबद्दल, भरपाईचा दावा लावला. १९७६ साली अपिलात रक्कम कमी झाली. पण डॉक्टरची जबाबदारी कायम राहिली. रुग्णाच्या विश्वासाचा असा गैरवापर हा दोघांचा खासगी मामला नव्हे, हे तत्त्व टिकले.

आता आपल्या देशाकडे वळू. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. उपचारात चूक होणे निराळे आणि गैरवर्तन निराळे. डॉक्टरवर निष्काळजीपणाचा फौजदारी खटला भरण्यापूर्वी तज्ज्ञाचे मत घ्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू प्रकरणात सांगितले. तो निकाल उपचारातील चुकीपुरता आहे. लगट करणे, धमकावणे, पैसे उकळणे ही औषधाची चूक नव्हे. त्याला त्या निकालाची ढाल मिळत नाही.

गैरवर्तनासाठी मुख्यतः चार दारे आहेत. प्रत्येक दाराआड निराळी वस्तू मिळते, म्हणून आपल्याला काय हवे ते आधी ठरवावे.

पहिले दार पोलिसांचे. येथे शिक्षा मिळते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्यापूर्वीच्या घटनेला जुनी दंडसंहिताच लागते. संहितेचे कलम ६८ आपण लक्षात ठेवावे. अधिकाराच्या वा विश्वासाच्या स्थानावरील व्यक्तीने, किंवा रुग्णालयाच्या नोकराने, त्या स्थानाचा गैरवापर करून आपल्या देखरेखीखालील स्त्रीला शरीरसंबंधास प्रवृत्त केले, तर ते कृत्य बलात्काराच्या व्याख्येत बसत नसले तरी गुन्हा होतो. शिक्षा ५ ते १० वर्षे सक्तमजुरी. म्हणजे ‘तिची संमती होती’ एवढे म्हणून तो सुटत नाही. विनयभंगासाठी कलम ७४ आणि लैंगिक छळासाठी कलम ७५ आहे. या कलमांचे संरक्षण स्त्रियांना आहे. पुरुष रुग्णाला फसवणूक, मारहाण, धमकी यांची कलमे आणि पुढची तिन्ही दारे खुली आहेत. रुग्ण १८ वर्षांखालील असेल तर मुलगा असो वा मुलगी, २०१२ चा पोक्सो कायदा लागतो, आणि ज्याला गुन्हा कळला त्याने तो कळवणे बंधनकारक आहे.

घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडली, या सबबीवर तक्रार परत पाठवता येत नाही. घेतलीच नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावे, तेथेही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जावे. लैंगिक गुन्ह्यात स्त्रीची फिर्याद स्त्री अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते. तिचे नाव छापणे हाही गुन्हा आहे.

दुसरे दार परवाना देणाऱ्या परिषदेचे. येथे त्याची पाटी उतरवता येते. पण आधी तो कोण आहे ते पाहावे. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो. त्याची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे जाते. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारनियमांत, रुग्णाशी अनुचित वर्तन करणे हे कारवाईस पात्र गैरवर्तन म्हणून स्पष्ट लिहिले आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा डॉक्टर नसतो. त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत असते आणि परिषद ते नाव काढू शकते. तिसरा वर्ग, ज्याची कोठेच नोंद नाही. आमच्या प्रकरणातला गृहस्थ असाच निघाला. जेथे नाव लिहिलेलेच नाही तेथून ते खोडणार कसे? अशा वेळी पहिले आणि पुढचे, ही दारेच कामास येतात. म्हणूनच आम्ही सांगतो, उपचार सुरू करण्यापूर्वी नोंदणी क्रमांक विचारा. रिक्षात बसताना मीटर पाहतो, मग मन सोपवताना क्रमांक पाहायला लाजू नये.

तिसरे दार ग्राहक आयोगाचे. येथे भरपाई मिळते. पैसे घेऊन केलेले उपचार ही कायद्याने ‘सेवा’ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली शांता प्रकरणात ठरवले. आमच्या कामगार बांधवांनी पुढचा निकालही ध्यानात ठेवावा. राज्य विम्याच्या इस्पितळात आपण फी भरत नाही, तरी पगारातून वर्गणी कापली जाते; म्हणून तेथील रुग्णही ग्राहकच, असे २००७ साली किशोर लाल प्रकरणात ठरले. तक्रार वकिलाशिवाय मांडता येते. मुदत मात्र २ वर्षांची. सबळ कारण दाखवल्यास उशीर माफ होऊ शकतो, पण माफीच्या भरवशावर कोणी राहू नये.

चौथे दार २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे. रुग्ण ज्या संस्थेत दाखल होऊन राहतो, तेथील कारभाराविरुद्ध आधी संस्थाप्रमुखाकडे, मग पुनर्विलोकन मंडळाकडे आणि शेवटी राज्य प्राधिकरणाकडे तक्रार करता येते. आपल्या उपचारांची कागदपत्रे मागण्याचा हक्कही या कायद्याने दिला आहे.

आता मनातल्या खऱ्या भीतीकडे येऊ. त्या भगिनीने आम्हाला विचारले होते, “दादा, मी मनाच्या डॉक्टरकडे जात होते असं म्हटल्यावर माझ्यावर विश्वास कोण ठेवणार? वेडी म्हणतील.” या एका वाक्यावर असल्या लोकांचा धंदा चालतो. तेव्हा हे पाठ करून ठेवा: त्याच २०१७ च्या कायद्याचे कलम ३ सांगते की, केवळ मानसिक आजाराचे निदान झाले म्हणून कोणी भ्रमिष्ट ठरत नाही, ते न्यायालयाने ठरवावे लागते. साक्षीच्या कायद्यानेही, ज्याला प्रश्न समजतो आणि जो सुसंगत उत्तर देतो, तो साक्षीदार होऊ शकतो. झोपेची गोळी घेणाऱ्याची साक्ष खोटी, असे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही.

खर्चाचीही धास्ती नको. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जातिजमातींतील व्यक्ती, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो. अर्ज जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा.

आमच्या धंद्याची तीन सूत्रे येथेही लागू पडतात. एक, कागद सांभाळा. पावत्या, चिठ्ठ्या, भेटींच्या तारखा ठेवा. मोबाईलवरचे निरोप संतापाने पुसून टाकू नका. तोच पुरावा असतो. घडलेले त्याच आठवड्यात लिहून काढा आणि दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. दोन, मुदत पाळा. तीन, एकटे जाऊ नका. बरोबर बहीण असो, शेजारीण असो, युनियनचा माणूस असो. पण बरोबर जाणाऱ्याने आमच्यासारखे पुढे होऊन निर्णय घेऊ नये. लढायचे की नाही आणि कोणत्या दाराने, हे ज्याला जखम झाली त्यानेच ठरवावे. सोबत्याने फक्त बाकावर शेजारी बसावे.

दुसरी भगिनी आली तेव्हा आम्ही पहिलीच्या घरी गेलो आणि तिची माफी मागितली. ग्राहक आयोगाची मुदत आमच्या शहाणपणात निघून गेली होती. पण ‘तक्रार नाही’ अशा खासगी चिठ्ठीने फौजदारी गुन्हा मिटत नसतो, हे तोवर आम्ही वाचले होते. आम्ही ते सांगितले आणि गप्प बसलो. ती बराच वेळ बोलली नाही. मग पदर खोचून उठली, ट्रंकेतून जुन्या पावत्या काढल्या आणि म्हणाली, “ती दुसरी कुठं राहते?” दोघी बरोबर पोलीस ठाण्यात गेल्या. खटला अजून उभा आहे. तारखा पडतात. निकाल काय लागेल ते आम्ही सांगू शकत नाही. पण तारखेच्या दिवशी दोघी एकाच बाकावर बसतात आणि पहिली आता मान वर करून बसते.

आपल्या ओळखीत असे कोणी असेल तर आज ऐकलेले तिच्या, त्याच्या कानावर घाला. आणि ती व्यक्ती बोलू लागली, तर ‘पुन्हा पुन्हा गेलीस कशाला’ हा प्रश्न तेवढा विचारू नका.