दूरस्थ विद्यार्थ्याचे ग्रंथालय

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



प्रतिवर्षी ह्या संमेलनात आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो, ते योग्यच आहे. परंतु आपल्या कुटुंबांत विद्यार्थ्यांचा आणखी एक वर्ग निर्माण झाला आहे आणि तो ह्या व्यासपीठावर क्वचितच दिसतो. संसार, नोकरी वा शेती सांभाळून मुक्त विद्यापीठांत नाव नोंदविणाऱ्यांचा हा वर्ग होय. त्यांपैकी तत्त्वज्ञान, संतवाङ्मय व धर्मांचा अभ्यास ह्या विषयांकडे वळलेले काही जण, विशेषतः भगिनी, माझ्या परिचयाच्या आहेत. मी केवळ मॅट्रिक झालेला निवृत्त शिक्षक; विद्यापीठाची पायरी चढण्याचा योग मला आला नाही. तथापि मुलांच्या हाती पुस्तक देण्यातच माझे आयुष्य गेले. म्हणून ह्या विद्यार्थ्यांना ग्रंथ कोठून मिळावेत, ह्या एकाच प्रश्नाविषयी चार शब्द बोलण्याचे धाडस करीत आहे.

दूर राहून पदवी मिळविण्याची कल्पना नवी नाही. लंडन विद्यापीठाने १८५८ साली आपल्या परीक्षांची दारे बाहेरच्या विद्यार्थ्यांना उघडली. विद्यार्थ्याने कोठेही राहावे, कसाही अभ्यास करावा आणि परीक्षेस बसावे. परंतु परीक्षा दूरवर पोचली तरी ग्रंथालय लंडनातच राहिले. ही उणीव पुढे इतरांनी ओळखली. ऑस्ट्रेलियात आर्मिडेल येथील न्यू इंग्लंड विद्यापीठाने १९५५ पासून बहिःस्थ विद्यार्थी घेतले आणि त्यांनी मागितलेले ग्रंथ टपालाने घरी पाठविण्याची प्रथा ठेविली. ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ १९६९ साली स्थापन झाले. तेथील विद्यार्थ्यांना इतर विद्यापीठांच्या ग्रंथालयांतून ग्रंथ नेण्याची सोय पुढे मिळाली, आणि आता घरबसल्या संगणकावरही विद्यापीठाचे ग्रंथ व नियतकालिके वाचता येतात. टपाल, शेजारच्या ग्रंथालयाची मुभा आणि संगणक, असे हे तीन मार्ग होत.

ह्यांतील पहिला मार्ग आपल्याकडे फार पूर्वी एका मराठी राजाने चोखाळला होता. बडोद्याचे सयाजीराव महाराज ह्यांनी १९१० साली बॉर्डेन नामक अमेरिकन ग्रंथपालास आपल्या राज्यात आणविले. त्यानंतर पुस्तकांनी भरलेल्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. वाचक ग्रंथालयापर्यंत येऊ शकत नसेल, तर ग्रंथालयाने वाचकाकडे जावे, हे तत्त्व त्या पेट्यांत होते.

आज इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ पासून आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून कार्य करीत आहे. त्यांनी लक्षावधी घरांत विद्या नेली, ह्याबद्दल आपण कृतज्ञ असले पाहिजे. परंतु अभ्यासपुस्तिका हाती आली म्हणजे ग्रंथालय मिळाले असे होत नाही. आपल्याच ज्ञातीतील एका सूनबाईंना धर्मविषयक प्रकल्प लिहावयाचा होता. अभ्यासकेंद्रावर ग्रंथ तेथेच बसून वाचण्याची मुभा होती, घरी नेण्याची नव्हती. आणि ग्रंथालयाची जी वेळ, तीच त्यांच्या नोकरीची. अखेर घरातील एका पुस्तकावर त्यांनी प्रकल्प पुरा केला. गुणही चांगले मिळाले. पेढे देण्यास आल्या तेव्हा म्हणाल्या, "गुरुजी, उत्तीर्ण झाले खरी, पण अभ्यास झाला असे वाटत नाही."

हे त्यांचे शब्द मला फार मोलाचे वाटतात. कोणी म्हणेल, धर्माच्या अभ्यासास घरची पोथी पुरेशी आहे. पारायणास ती पुरेशी आहे, ह्यात संशय नाही. अभ्यासाची गोष्ट निराळी. तुकोबांच्या गाथेचेच उदाहरण घ्या. इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ व १८७३ साली गाथेचे दोन भाग निघाले. त्याच आधारावर मुंबई सरकारने १९५० साली आपली प्रत काढली. तीत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. वि. ल. भावे ह्यांनी संताजी जगनाडे ह्यांच्या वह्यांवरून छापलेल्या गाथेत मात्र तेराशेच्या आसपास अभंग आहेत. दोन्ही प्रती ज्याने पाहिल्या, त्याच्या मनात प्रश्न उभा राहतो, आणि तेथूनच अभ्यासास आरंभ होतो. ज्याने एकच प्रत पाहिली, त्याला प्रश्नच पडत नाही. परधर्माविषयी तर ही गोष्ट अधिकच खरी. बौद्ध, जैन, इस्लाम वा ख्रिस्ती धर्म त्यांच्या अनुयायांच्या ग्रंथांतून न वाचता केवळ दुसऱ्याच्या सारांशावरून जाणू पाहिल्यास ज्ञानाऐवजी ग्रह बळावतो. एका पुस्तकावर पदवी मिळविलेला मनुष्य समाजात धर्माविषयी अधिकाराने बोलू लागला, तर त्याची हानी सर्वांनाच सोसावी लागते.

आजचे तरुण म्हणतील, आता सर्व काही मोबाईलवर आहे. पुष्कळ आहे, हे खरे. ई-ज्ञानकोशावर अभ्यासपुस्तिका आहेत, शोधगंगेवर प्रबंध आहेत, आणि मराठी विश्वकोशही आहे. हे सारे विनामूल्य. परंतु आपल्या देशात ग्रंथकाराच्या निधनानंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. त्यामुळे अलीकडच्या विद्वानांचे बहुतेक ग्रंथ खुले नसतात, आणि वर्गणीची नियतकालिके विद्यापीठाने प्रवेश दिला तरच उघडतात. शिवाय कोणती प्रत विश्वसनीय, हे सांगणारा ग्रंथपाल मोबाईलमध्ये सापडत नाही.

तेव्हा आपण काय करावे? माझ्या चार सूचना आहेत. पहिली, अशा विद्यार्थ्यांची यादी संस्थेने करावी. दुसरी, विद्यार्थ्याने प्रवेश घेतानाच विद्यापीठाकडे लेखी विचारणा करावी : ग्रंथ घरी मिळतील काय, आणि संगणकावरील ग्रंथालयाचा परवलीचा शब्द मिळेल काय? विचारल्यावाचून हक्क कळत नाहीत. तिसरी, शहरातील चांगल्या ग्रंथालयाची वर्गणी व अनामत संस्थेने विद्यार्थी-निधीतून भरावी. शहरात जाणाऱ्या सभासदाने येताना ग्रंथ आणावेत व मुदतीत परत न्यावेत. बडोद्याच्या पेटीचेच हे लहान रूप होय. चौथी, संस्थेच्या सभागृहातील कपाट, ज्याची किल्ली शोधावी लागते, ते आठवड्यातून दोन सायंकाळी उघडे ठेवावे. ते काम करण्यास मी स्वतः सिद्ध आहे.

पुढील वर्षी ह्याच व्यासपीठावर त्या सूनबाईंसारख्या एखाद्या भगिनीने "माझा अभ्यास झाला" असे सांगावे, इतकीच इच्छा व्यक्त करतो.