ऑर्किडचे रोगट रोप : ठेवावे की काढून टाकावे?

(एका तालुक्याच्या ठिकाणी शिक्षक, शासकीय कर्मचारी व ग्रामस्थ यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा पाठ)



फुलझाडांविषयी बोलावयाचे म्हटले की सौंदर्याविषयी काही ऐकावयास मिळेल, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आज मात्र मला एका अवघड प्रश्नाकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. घरी वाढविलेल्या ऑर्किडच्या रोपाला विषाणूची बाधा झाली असावी असा संशय आला, तर ते रोप ठेवावे की नष्ट करावे? मी कला शाखेचा पदवीधर. वनस्पतिरोगांचा अभ्यासक नव्हे. परंतु जाणकारांचे म्हणणे सर्वांना समजेल अशा भाषेत पोहोचविणे हे प्रसिद्धी अधिकाऱ्याचे कामच आहे, आणि त्याच नात्याने मी चार शब्द बोलणार आहे.

ऑर्किड आपणांस परके नाही. सह्याद्रीच्या रानात झाडांच्या फांद्यांवर लोंबणारी सीतेची वेणी ही ऑर्किडच होय. पुष्कळजण तिला बांडगूळ समजतात. बांडगूळ झाडाचा रस शोषून जगते. सीतेची वेणी फांदीचा केवळ आधार घेते. अलीकडे डेंड्रोबियम, फॅलेनॉप्सिस, व्हँडा यांसारखी ऑर्किडे गोव्यातील अनेक घरांच्या पडवीत नारळाची सोडणे आणि कोळसा यांवर वाढताना दिसतात. शेडनेटखाली डेंड्रोबियमची लागवड करणारे शेतकरीही आहेत. नीट निगा राखली तर ऑर्किडचे एक रोप वर्षानुवर्षे जगते, दरवर्षी फुलते, आणि घरातल्या माणसासारखे होऊन जाते. म्हणूनच ते टाकून देण्याचा प्रश्न निघाला की मन कचरते.

विषाणुरोग म्हणजे काय, हे शेतकऱ्याला वेगळे सांगावयास नको. भेंडीवर केवडा पडला की पानांच्या शिरा पिवळ्या होतात. तो रोग पांढरी माशी पसरविते. ऑर्किडवर जे विषाणू सर्वाधिक आढळतात त्यांपैकी दोन मुख्य आहेत. एकाचे नाव सिंबिडियम मोझॅक आणि दुसऱ्याचे ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट. १९५० च्या सुमारास अमेरिकेतील कॅलिफोर्नियात त्यांची प्रथम नोंद झाली. आज जगात जेथे जेथे ऑर्किडची लागवड होते तेथे ते पोहोचले आहेत. यांपैकी दुसरा हा तंबाखूवरील मोझॅक विषाणूच्या गणातला. त्या तंबाखूच्या रोगाचा अभ्यास करूनच १८९८ साली बायेरिंक या डच शास्त्रज्ञाने विषाणू ही जीवाणूंहून निराळी गोष्ट आहे, असे प्रतिपादन केले होते.

मित्रहो, या दोन विषाणूंची एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्यांच्या प्रसाराला माशीची वा माव्याची गरज लागत नाही. रोगट रोपाचा रस निरोगी रोपाच्या जखमेत गेला की काम झाले. आणि हा रस नेतो कोण? आपली कात्री, आपला चाकू, आपली बोटे! पावसाळ्याच्या तोंडावर आपण कुंड्या बदलतो, रोपांचे भाग पाडतो, वाळल्या मुळ्या छाटतो आणि एकाच कात्रीने दहा रोपांवरून हात फिरवितो. जुनी कुंडी व जुनी सोडणे पुन्हा वापरणे आणि वर टांगलेल्या कुंडीचे पाणी खालच्या कुंडीत ठिबकू देणे यांतही धोका आहे.

मग रोग ओळखावा कसा? पानांवर फिकट ठिपके किंवा पट्टे, काळे खोलगट डाग, वर्तुळे, पाकळ्यांवर रंगाच्या तुटक रेघा ही लक्षणे सांगितली जातात. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये रेघारेघांच्या ट्यूलिप फुलांना लोकांनी अफाट किंमत मोजली. त्या रेघा विषाणूमुळे उमटत होत्या हे विसाव्या शतकात सिद्ध झाले. तेव्हा पाकळीवर अनपेक्षित रेघ उमटली तर हर्ष मानण्यापूर्वी थोडे थांबावे. मात्र उलट बाजूही आहे. कडक ऊन, बुरशी, कोळी कीड, खताची उणीव यांमुळेही पानांवर असेच डाग पडतात. शिवाय बाधा झालेली कित्येक रोपे पूर्णपणे धडधाकट दिसतात व फुलतातही. म्हणून केवळ डोळ्यांनी पाहून शिक्षा देऊ नये, आणि केवळ डोळ्यांनी पाहून निर्दोष सोडूही नये.

यावर उपाय म्हणजे चाचणी. करोनाच्या साथीत, २०२१ च्या सुमारास, घरी वापरावयाच्या पट्ट्या आपण पाहिल्या आहेत. त्याच तत्त्वावर पानाचा तुकडा चुरून तपासण्याच्या पट्ट्या मिळतात. प्रयोगशाळेत याहून सूक्ष्म परीक्षणही होते. यासाठी कोठे जावे, याची चौकशी आपल्या विभागीय कृषी कार्यालयात करावी. निष्कर्षात बाधा आढळली नाही तरी काही महिन्यांनी पुन्हा तपासणे शहाणपणाचे, कारण नव्याने बाधा झालेल्या रोपात विषाणूचे प्रमाण अल्प असू शकते. चाचणीचा निकाल लागेपर्यंत रोप निराळ्या जागी ठेवावे, त्याला पाणी शेवटी घालावे व नंतर साबणाने हात धुवावेत.

समजा, बाधा निश्चित झाली. तर हे स्पष्टपणे समजून घ्यावे की यावर फवारणीचे औषध नाही. बुरशीनाशक व कीटकनाशक येथे निरुपयोगी ठरतात. प्रयोगशाळेत वाढबिंदूपासून निर्मळ रोप तयार करता येते, परंतु तो मार्ग मौल्यवान जातींसाठी आहे; पडवीतल्या कुंडीसाठी नव्हे. येथे माणसाला किंवा गुराढोरांना मात्र कोणतेही भय नाही.

आता मूळ प्रश्न. माझ्या मते त्याचे उत्तर रोपाकडे पाहून देता येत नाही. ते रोप कोणाच्या सान्निध्यात आहे हे पाहून द्यावे लागते. रोपवाटिका चालविणारा, फुलांची लागवड करणारा, किंवा ज्याच्याकडे अनेक ऑर्किडे आहेत असा माणूस, यांनी बाधित रोप नष्ट करावे. तेथे एका रोपाची माया शंभर रोपांच्या मुळावर येते. शाळेच्या बागेतही ते ठेवू नये, कारण तेथे अनेक हात लागतात. परंतु एखाद्या वृद्ध गृहिणीजवळ एकच ऑर्किड आहे, ते तिच्या दिवंगत बहिणीने दिलेले आहे, आणि घरात दुसरे ऑर्किड नाही. तिने ते आपल्या डोळ्यांपुढे शेवटपर्यंत फुलू द्यावे. त्यात कोणाचे नुकसान नाही.

अट मात्र एकच, आणि तीच सर्वांत कठीण आहे. त्या रोपाचा फुटवा कोणालाही देता येणार नाही. फुटव्यातून विषाणू जातोच. आपल्या गावांत शेजारणीने मागितले तर नाही म्हणण्याची रीत नाही. फुटवा देणे हा प्रेमाचा व्यवहार आहे. पण येथे देणारा हात आपुलकीबरोबर रोगही देतो, आणि घेणाऱ्याला ते कळतही नाही. नकार देताना संकोच वाटला तरी कारण सांगून नकार द्यावा. ज्यांना पूर्वी फुटवे दिले असतील त्यांनाही कळवावे. लपविण्यापेक्षा सांगण्यात शेजारधर्म अधिक आहे.

रोप नष्ट करावयाचे ठरल्यास ते खतखड्ड्यात किंवा रानाच्या कडेला फेकू नये. वाळवून जाळावे किंवा बंद पिशवीतून कचऱ्यात द्यावे. प्लॅस्टिकची कुंडी जाळू नये. आणि रोप ठेवा वा टाका, एक सवय सर्वांनी लावून घ्यावी : प्रत्येक रोपासाठी नवे पाते घ्यावे, किंवा कात्रीची पाती ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवावीत, अथवा एक भाग घरगुती ब्लीच व नऊ भाग पाणी यांच्या द्रावणात काही मिनिटे बुडवावीत. नुसत्या स्पिरिटने पुसण्यावर विसंबून राहू नये.

शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे की, हा विषय मुलांपुढे अवश्य मांडावा. जे डोळ्यांना दिसत नाही त्याची खात्री कशी करावी, आणि आपल्या एका कृतीचा परिणाम शेजाऱ्याच्या अंगणापर्यंत कसा जातो, हे दोन्ही धडे एका कुंडीतून शिकविता येतील.