घर पाहावे राखून



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा तो आम्ही भीत भीतच सांगितला. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि पुढे उन्हाळ्याच्या संध्याकाळी चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकण्याची सवय महाराष्ट्रातल्या अनेक गावांना लागली. या व्यासपीठांवर राजकारण आले, तत्त्वज्ञान आले, संतवाङ्मय तर किती आले! गळका नळ आणि ओली भिंत मात्र इथे सहसा फिरकली नाही. पण परमार्थाचा विचार करणाऱ्या माणसाच्याही डोक्यावर मध्यरात्री थेंब पडू लागला, की त्याला उठून पातेले शोधावेच लागते. शिवाय पाऊस आता महिन्या-दीड महिन्यावर आला आहे. हा विषय बोलायचा, तर आजच बोलला पाहिजे.

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपल्याकडे म्हणतात. या म्हणीला आम्ही एक पुस्ती जोडू इच्छितो : घर पाहावे राखून. बांधण्याची यातायात एकदा होते आणि संपते; राखण्याची कधीच संपत नाही. आणि आपल्यापैकी बहुतेकांची स्थिती अशी, की आयुष्याची पुंजी घर घेण्यात गेलेली, कर्जाचे हप्ते चालू, आणि दुरुस्तीसाठी हाताशी फारसे काही नाही. अशा माणसाने आपले घर कसे सांभाळावे, एवढ्यापुरतेच आज आम्ही बोलणार आहोत.

प्रथम आमचाच गाढवपणा सांगतो. आमचे घर वडिलार्जित, मंगळुरी कौलांचे. आमचे वडील दरवर्षी चैत्रात शिडी लावून छपरावर चढत. सरकलेले कौल जागेवर बसवीत, फुटलेले बदलीत, पन्हळीतला पाला काढीत. आम्ही खालून त्यांची थट्टा करीत असू. १९९८ साली वडील गेले आणि शिडी माळ्यावर गेली. २००२ साली धाकट्या बहिणीचे लग्न ठरले. हाती थोडे पैसे होते. छप्पर पाहावे, असे आईने दोनदा सांगितले; पण पाहुणे छप्पर पाहायला येत नाहीत, भिंती पाहतात, असा विचार करून आम्ही सगळे घर रंगवून काढले. लग्न थाटात झाले. जुलैत रंगाला फुगे आले, आणि ऑगस्टच्या एका रात्री माजघरातला एक वासा कौलांसकट खाली आला. आई त्या वेळी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली होती. दिवा लावून पाहिले, तर तिची उशी खापऱ्यांखाली गाडलेली. दुसऱ्या दिवशी सुताराने वर चढून पाहिले आणि सांगितले, की एकच कौल सरकले होते. चार पावसाळे त्याच फटीतून पाणी वाशावर ठिबकत राहिले आणि वासा आतून कुजला. एका कौलाचे काम दोन वासे, दहा-बारा रिपा आणि अर्धे छप्पर यांवर गेले. आईचा जीव वाचला, तो आमच्या शहाणपणाने नव्हे. नखाने खुडता येण्याजोगे होते, त्याला कुऱ्हाड लागली ती अशी.

या प्रसंगातून आम्ही एक क्रम शिकलो. घराला लावायच्या पैशाचा पहिला मान पाण्याचा, दुसरा विजेचा, तिसरा भाराचा, चौथा सोयीचा आणि सर्वांत शेवटी शोभेचा. आपण नेमके उलटे करतो. सणावाराला रंग काढतो आणि गच्चीचे पुढच्या वर्षी पाहू म्हणतो.

तर पहिले पाणी. घरात ओल दिसली की ‘गळते आहे’ म्हणून आपण मोकळे होतो; पण ओल कोठून येते हे कळल्याखेरीज तिच्यावर खर्च करणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे. ओल चार वाटांनी येते : वरून पावसाची, खालून जमिनीची, आतून नळांची आणि हवेतून बाष्पाची. ओळखायला खर्च नाही. डागाच्या कडेने शिसपेन्सिलीने रेघ मारावी आणि तारीख लिहावी. पावसात डाग रेघ ओलांडतो आणि उन्हाळ्यात सुकतो, तर पाणी वरून किंवा बाहेरून येते आहे. बाराही महिने तो तसाच राहतो किंवा वाढतो, तर मोरीच्या किंवा संडासाच्या नळाकडे पाहावे. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच ओल असेल आणि भिंतीवर पांढरा लोणा फुलला असेल, तर जमिनीतले पाणी भिंतीतून वर चढते आहे. चौथीची परीक्षा अशी : प्लॅस्टिकचा वीतभर तुकडा चारी कडा चिकटवून भिंतीवर दोन दिवस ठेवावा. दमट त्याच्या बाहेरच्या अंगाला आले, तर ते खोलीतल्या हवेचे. तिथे खिडकी उघडणे हाच उपाय. भिंतीकडच्या अंगाला आले, तर पाणी भिंतीतच आहे.

गच्चीचे दुखणे बहुधा दोन जागी असते. एक, पाणी बाहेर जाण्याचे तोंड. तिथे पाला, पिशव्या, कबुतरांची पिसे साचतात आणि गच्चीचे तळे होते. दुसरी, कठड्याची भिंत आणि गच्ची यांचा सांधा. हा सांधा काटकोनात राहिला की भेगाळतो; म्हणून तिथे गोलाई देतात, तिला गवंडी ‘वाटा’ म्हणतात. तोंड साफ करणे फुकट आहे आणि वाटा नीट करणे एक-दोन दिवसांचे काम. पुष्कळदा एवढ्यावर भागते. सगळी गच्ची उकरण्याचा सल्ला मिळाला, तर आधी या दोन जागा पाहाव्यात.

जुन्या घरांबद्दल एक इशारा. आपल्या वाड्यांच्या भिंती मातीच्या किंवा चुन्याच्या आहेत. त्यांतली ओल पृष्ठभागातून हळूहळू उडून जाते. आपण मजबुतीच्या हौसेने वर सिमेंटचा गिलावा चढवतो. ओल आत कोंडते, आणखी वर चढते, आणि आतली माती भुसभुशीत होते. दोन वर्षांनी गिलाव्याचा पापुद्रा मातीसकट सुटून येतो. चुन्याच्या भिंतीला चुनाच लावावा. तो हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड शोषून सावकाश दगड होतो. त्याला उतावळेपणा चालत नाही, एवढेच.

नळाचेही गणित करून पाहू. दिवसाचे सेकंद ८६,४००. सेकंदाला एक थेंब, आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला चार लिटरांहून अधिक आणि वर्षाला सुमारे दीड हजार लिटर पाणी जाते. जुन्या धर्तीच्या नळात हे सारे बहुधा एका झिजलेल्या वायसरापायी होते. मागची चावी बंद करावी, पान्ह्याने नळाचे डोके खोलावे, जुना वायसर नमुना म्हणून दुकानात न्यावा आणि नवा बसवावा. दहावीतल्या मुलाला किंवा मुलीला एकदा दाखवून द्या, जन्मभर पुरेल.

दुसरी वीज. इथे आम्ही काटकसरीचा उपदेश करणार नाही, कारण विजेतली काटकसर कधी कधी माणूस घेऊन जाते. ओल्या भिंतीतला बटणांचा बोर्ड हाताला झिणझिण्या देत असेल, तर ‘पावसात असे होतेच’ असे म्हणू नका. मुख्य बटण बंद करा आणि जाणता वायरमन बोलवा. तीन पायांच्या पिनेतला जाड, लांब पाय अर्थिंगचा असतो. भोक जुळत नाही म्हणून तो कापून टाकणारी घरे आम्ही पाहिली आहेत. फ्यूज वारंवार जातो म्हणून तिथे जाड तार घालणारेही पाहिले आहेत. पहारेकरी ओरडतो म्हणून त्याचे तोंड बांधावे, तसे हे आहे. घरात गळती-प्रवाह ओळखणारी कळ नसेल, तर रंगाआधी ती बसवा. प्रवाह अंगातून किंवा भिंतीतून जमिनीत जाऊ लागला आणि ३० मिलिॲम्पिअरपर्यंत पोहोचला, की ती क्षणात वीज तोडते. मात्र तिच्याबरोबर घराचे अर्थिंगही तपासून घ्या. तिच्यावर चाचणीचे बटण असते. ते महिन्याला एकदा दाबून पाहावे.

तिसरा भार. याविषयी बोलताना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवल्यावाचून राहत नाही. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे मेली, ती बहुतांशी स्वतःच्या घरांखाली. जाड दगडी भिंती मातीत रचलेल्या, दोन अंगांना बांधणारे आरपार दगड पुरेसे नाहीत, आणि वर मातीचे जड माळवद. ते गळू नये म्हणून वर मातीचा नवा थर द्यायचा, ही तिकडची जुनी रीत. म्हणजे मायेने केलेली डागडुजीच वर्षानुवर्षे डोक्यावरचा भार वाढवीत गेली. घर राखण्याची इच्छा होती, ज्ञान अपुरे पडले.

ती गोष्ट खेड्याची म्हणून शहरवाल्यांनी निश्चिंत राहू नये. गच्ची गळते म्हणून जुन्या कोब्यावर नवा कोबा, त्यावर फरशी, असे थर आपणही चढवतोच. चार इंच जाडीच्या विटांच्या कोब्याचे वजन चौरस मीटरला दीड-दोनशे किलो भरते. पन्नास चौरस मीटरच्या गच्चीवर हे आठ-दहा टन झाले! इमारत तितक्यासाठी आखलेली आहे का, हे कोणी विचारीत नाही. नवा थर देण्याआधी जुना काढा.

तसेच स्लॅबचे. छताचा गिलावा पडून आतली सळई दिसू लागली, तर ती गंजलेली असते. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाहून कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीट फोडतो. त्यावर नुसता गिलावा थापणे म्हणजे गळवावर पावडर लावणे. भेगांचेही तसेच. गिलाव्यावरची केसासारखी भेग निरुपद्रवी असते. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, वाढत जाणारी भेग वेगळी. तिच्यावर काचेची पट्टी दोन्ही टोके पक्की करून आडवी चिकटवावी आणि तारीख लिहावी. काच तडकली, तर भिंत अजून हलते आहे. मग गवंडी नव्हे, अभियंता बोलवा. महाराष्ट्रातील महापालिका क्षेत्रांत ३० वर्षे झालेल्या इमारतीची अशी तपासणी कायद्यानेच सांगितली आहे. तिची फी चुकवून वाचणारा पैसा हा पैसाच नव्हे.

सोयीचे दोनच शब्द. गच्चीवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले, की ऊन परावर्तित होऊन वरच्या मजल्याचा ताप कमी होतो. याहून स्वस्त थंडावा आम्हांला ठाऊक नाही. आणि पंखा बदलायचाच झाला, तर पाहून घ्या : जुना पंखा सुमारे ७५ वॉट खातो, नव्या धर्तीचा सुमारे ३०. रोज दहा तास चालला, तर महिन्याला तेरा-चौदा युनिटे वाचतात.

आता पैसा कसा पुरवावा? एक वही करा. तिच्यात घरातला प्रत्येक दोष, तारीख आणि खर्च लिहा. गृहिणीला विचारा, कोणते दार फुगते, कोणत्या कोपऱ्यात भांडे ठेवावे लागते, हे तिला पाठ असते, आणि आमच्याप्रमाणे तिचे न ऐकण्याची चूक करू नका. हप्त्याबरोबर दरमहा थोडी रक्कम घराच्या नावाने बाजूला टाका. काम देताना मोजमाप आणि दर कागदावर घ्या. कामाचा एक हिस्सा पहिल्या मोठ्या पावसानंतर देण्याचे आधीच ठरवा. चांगला कारागीर त्याला नाही म्हणत नाही. सिमेंट ताजे घ्या; दमट जागी तीन-चार महिने पडलेल्या पोत्याचा जोर गेलेला असतो. आणि सिमेंटचे काम झाल्यावर निदान सात दिवस त्याला पाणी मारा. हे पाणी मारणे घरच्यांचे काम आहे, आणि बहुतेक कामे याच आळसाने बिघडतात. कारागिराशी शेवटच्या रुपयासाठी घासाघीस करू नका. त्याच्या हातातली विद्या आपल्याला येत नाही, म्हणूनच तो आपल्या दारी आला आहे.

भगिनींनो आणि बंधूंनो, आमच्या माळ्यावरची शिडी त्या ऑगस्टनंतर खाली आली, ती पुन्हा वर गेली नाही. दर चैत्रात आम्ही छपरावर चढतो, आणि आता आमची मुले खालून थट्टा करतात. आम्ही त्यांना एवढेच सांगतो, की थट्टा करा, पण शिडी घट्ट धरा. आपणही येत्या रविवारी सकाळी पेन्सिल आणि वही घेऊन आपल्याच घरात अर्धा तास हिंडून या. जे दिसेल त्यातले सगळे या वर्षी होणार नाही. पण ज्याच्याखाली कोणी झोपते आहे, ते आधी करा.