भांग दुकानात मिळते, म्हणून तिचं झाड लावायचं असं नाही


धूलकोटच्या शेतकरी भावाबहिणींनो, हे नीट ऐका.

मध्य प्रदेशात परवान्याच्या दुकानात भांग मिळते.
मग भांगेचं झाड लावलं तर काय बिघडलं?
बिघडतं.

1985 चा अमली पदार्थ कायदा म्हणतो,
फुलोऱ्याचा शेंडा म्हणजे गांजा.
त्यावर बंदी.
शेंड्याशिवायची पानं गांजात धरत नाहीत.
भांग त्या पानांची.

पण झाड लावणं हा गुन्हाच.
कपाशीत, तुरीच्या आड लावलं, तरी गुन्हा.
शिक्षा दहा वर्षांपर्यंत.

भांग घेऊन सीमेपलीकडे रावेरकडेही जाऊ नका.
महाराष्ट्रात परवान्याशिवाय ती बाळगता येत नाही.

पुन्हा सांगते.
भांग परवान्याच्या दुकानातली.
झाड लावायचं नाही.

आणि तुमच्या जमिनीत दुसऱ्या कुणी लावलेलं दिसलं,
तर लगेच पोलिसांना कळवा.
जमीनधारकावर कायद्याने तसं बंधन आहे.